चष्म्यावरची वाफ

"जेवलास का?"

भट्टीतून लोखंड सोडायच्या आधी बाबांचे मालक शेडभर फिरून प्रत्येकाला एवढंच विचारायचे. मराठी माणसाला मराठीत, क्रेनवर बसणाऱ्या गुलखानला हिंदीत, बंगाली कारागिरांना मोडक्यातोडक्या बंगालीत. 'हो' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर बघायचे. खोटं वाटलं तर खांद्याला धरून कँटीनच्या दिशेने वळवायचे. "जा, चार घास खाऊन ये. लोखंड सुटलं की कुणाचे हात मोकळे नसतात. तू चक्कर येऊन पडलास तर धरणार कोण?"

रमजानात त्यांच्याकडे ओतकामच बंद असायचं. रोजे धरणारे वाळू चाळायचे, लाकडी नमुने घासायचे, भट्टी थंड पडलेली असायची. आजूबाजूचे कारखानदार हसायचे. त्यावर ते म्हणायचे, "हसू देत की. त्यांच्या भट्टीला बटण हाय, माझ्या भट्टीला माणसं हायत."

मी लिहायला बसले आहे खरी, पण मला त्यांच्याबद्दल नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. परीक्षेतली उत्तरं सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, तर माझं जे सुटेल ते तुम्ही भरून घ्या.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजं आणि भंगारच्या दुकानांच्या मागे, त्यांची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, फाउंड्री होती. आज सगळीकडे विजेच्या भट्ट्या आहेत. यांची भट्टी मात्र कोळशावर चालायची. उभी, उंच, वरून कोक म्हणजे भाजलेला कोळसा आणि भंगार टाकायचं, खालून पेटवायचं आणि तळाच्या भोकातून पांढरंशुभ्र लोखंड बाहेर काढायचं. थर्ड इयरला आमच्या सरांनी अशाच भट्टीचं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "धिस इज हिस्टरी." मी हात वर करून सांगितलं की सर, ही भट्टी इथून वीस मिनिटांवर चालू आहे, माझे बाबा तिथे साचे भरतात. वर्ग हसला. सरांना वाटलं, मी विनोद करतेय.

त्याच उन्हाळ्यात मला इंटर्नशिप हवी होती आणि कुठलीही कंपनी घेत नव्हती. बाबांनी घाबरत मालकांना विचारलं. दुसऱ्या दिवशी मी शेडच्या दारात उभी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डावी भुवई अर्धीच होती, उरलेली कधीतरी भट्टीने नेलेली. उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही.

"या, इंजिनिअरबाई. बूट घातलेत ते बरं केलंत. ओढणी मात्र घरी ठेवायची. इथं लोंबणारं काही चालत न्हाई."

"सर, मी काय काम करू?"

"सर न्हाई, काका. आणि पहिले आठ दिवस काहीच करायचं न्हाई. नुसतं बघायचं. बघायला येत न्हाई कुणाला."

ते मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या फाउंड्रीत वाळू चाळता चाळता शिकले आणि तरुणपणीच आखातात आले. इथे आल्यावर आधी गटारांची झाकणं ओतली. एकदा बाबा, मी आणि ते काही सामान आणायला रोल्लाच्या बाजारात गेलो होतो. हा माणूस दुकानांकडे बघेचना. खाली मान घालून चालत होता. मधेच भर रस्त्यात थांबला, बुटाची टाच एका झाकणावर आपटली आणि कान देऊन आवाज ऐकला. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय.

"मालक, गाडी हाय मागं!"

"थांबू दे त्याला. हे आपलं झाकण. पंचवीस वर्षं गाड्या ह्याच्यावरनं जातायत, जरा ह्यानं बी एक गाडी थांबवू दे."

इथे राहणारा प्रत्येक मराठी माणूस दिरहमचे मनातल्या मनात रुपये करतो. ते लोखंडाचे किलो करायचे. मॉलमध्ये सोन्याचा मुलामा दिलेला भला मोठा दरवाजा पाहून सगळे फोटो काढत होते, तेव्हा ते बिजागरीकडे वाकून म्हणाले, "बीड वापरलं असतं तर करकरलं नसतं." त्यांचा मुलगा दुबईत बँकेत आहे. तो फोनवर इंग्लिशमध्ये काहीतरी बोलायचा आणि हे शेवटी दरवेळी एकच म्हणायचे, "खलास बेटा, मग बोलू. भट्टी तापलीय." बऱ्याचदा भट्टी तापलेली नसायची.

आणखी एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वितळलेल्या लोखंडाला पाणी चालत नाही. साच्याच्या वाळूत ओल राहिली आणि त्यावर लोखंड पडलं, तर त्या ओलीची एका क्षणात वाफ होते आणि बाहेर पडायला वाट शोधते. सापडली नाही, तर साचा फुटतो. लोखंड कारंज्यासारखं उडतं आणि जवळ उभ्या माणसाला पळायला वेळ नसतो. म्हणून ओतायच्या आधी ते स्वतःचा चष्मा काढून साच्याच्या भोकावर उपडा धरायचे. काच स्वच्छ राहिली तर साचा कोरडा. धूसर झाली तर ओला. "मशीन आहे की ओल मोजायचं," मी एकदा म्हणाले. "हाय. कपाटात हाय," ते म्हणाले आणि चष्मा पुसून नाकावर ठेवला.

त्या उन्हाळ्यात फाउंड्रीला नोटीस आली होती. त्या गल्लीत कोळशाच्या भट्ट्या आता चालणार नाहीत. ऑगस्टअखेर विजेची भट्टी बसवायची ठरवा, नाही तर शेड रिकामी करा. विजेची भट्टी बसवायची, तर हातात पक्कं काम हवं. ते काम एकाच ठिकाणाहून येण्यासारखं होतं. रास अल खैमाच्या डोंगरात एक दगडखाण होती. तिथल्या जुन्या क्रशरचं मोठं चाक तडकलं होतं आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. खाणीचे इंजिनिअर मॅथ्यूसाहेब म्हणाले होते, "ये व्हील अच्छा निकला तो साल भर का काम आपका. महिने के आखिर तक चाहिए. नहीं तो चायना से मँगाएँगे."

एवढं मोठं चाक त्या भट्टीतून कधी ओतलं नव्हतं. साचा भरायला आणि सुकवायलाच तीन आठवडे लागणार होते. म्हणजे संधी एकच.

आमच्या घरी आई देवापुढे जरा जास्त वेळ बसायला लागली. बाबांचा व्हिसा फाउंड्रीचा, आणि आईचा व माझा व्हिसा बाबांच्या व्हिशावर. फाउंड्री गेली तर बाबांची नोकरी जाईल, आणि या वयात दुसरी लगेच मिळाली नाही तर आम्ही गावी, कागलला परत. माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष तिथल्या तिथे सुटणार. एकदा जेवताना बाबा म्हणाले, "चाक निघंल. मी भरलाय साचा." आईने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. एवढंच.

ओतायचा दिवस उजाडला तो असा दमट, की घरातून बाहेर पडताच माझ्या चष्म्यावर धुकं आलं. ऑगस्टमध्ये इथे हे रोजचंच असतं. एसीतून बाहेर आलं की दोन मिनिटं आंधळं व्हायचं. सकाळीच भट्टी पेटवली. साचा शेडच्या मध्यावर, जमिनीत अर्धा गाडलेला, रात्रभर गॅसच्या जाळाने सुकवलेला. काकांनी चष्मा धरला. काच कोरडी. बाबांनीही वाकून पाहिलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

दुपारी शेड इतकी तापली की एक बंगाली कारागीर साच्याशेजारीच मटकन खाली बसला. त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडचा नळीच्या पाण्यावर चालणारा मोठा हवेचा कूलर स्वतः ढकलत आणला आणि साच्याभोवती काम करणाऱ्यांवर लावला. बाबा म्हणाले, "राहू द्या मालक, मी ओढतो."

"सरक बाजूला. भाजून निघालाय तुम्ही सगळी. माणसं धड राहिली तर चाक धड निघंल."

कूलरच्या गार वाऱ्यात सगळे हसले. मीही तिथेच उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला ते फार आवडले.

साडेतीनच्या सुमाराला मॅथ्यूसाहेब आले आणि काका त्यांना घेऊन एसीच्या केबिनमध्ये बसले. बाहेर भट्टीचं भोक फोडलं. लोखंड मोठ्या लॅडलमध्ये उतरलं. लॅडल म्हणजे क्रेनला टांगलेली, आतून भाजकी माती लावलेली लोखंडी बादली, माणूस उभा मावेल एवढी. गुलखानने ती उचलून साच्याकडे आणायला सुरुवात केली. आता मागे फिरणं नव्हतं. लोखंड लॅडलमध्ये फार वेळ टिकत नाही, निवायला लागलं की चाक अर्धवट निघतं. बाबा साच्याच्या तोंडाशी आपल्या जागेवर उभे राहिले. लांब दांड्याने मळी, म्हणजे लोखंडावर तरंगणारा मळ, अडवून धरायचं काम त्यांचं, म्हणजे साच्याला सगळ्यांत जवळचा माणूस.

काका केबिनमधून धावत आले. येता येताच चष्मा काढला आणि साच्याच्या भोकावर धरला.

काच पांढरी झाली.

"मालक, एसीतनं आलाय तुम्ही," बाबा म्हणाले. "त्याचं धुकं हाय ते. सकाळी कोरडा होता."

त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, भट्टीच्या दिशेला धरून जरा तापवला, पुन्हा भोकावर धरला. पुन्हा धूसर. पण कमी. की तेवढाच? मला दिसत नव्हतं. वरून गुलखान ओरडला, "सेठ! ठंडा हो रहा है! यल्ला!"

मॅथ्यूसाहेब केबिनच्या दारात उभे. "प्रॉब्लेम क्या है?"

बाबांनी दांडा घट्ट धरला. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "ओता मालक. माझा साचा हाय. मी सांगतोय न्हवं, कोरडा हाय. ओता."

"तू कुठं उभा राहणार?"

"माझ्या जागेवर."

ते बाबांकडे बघत राहिले. मग अचानक वळले.

"इंजिनिअरबाई, तू केबिनमध्ये आली होतीस?"

"नाही काका. दुपारपासून इथेच आहे."

"चष्मा दे."

मी काढून दिला. चष्म्याशिवाय मला लांबचं काही दिसत नाही. लॅडल म्हणजे एक पांढरा गोळा आणि बाबा म्हणजे त्याच्यासमोर एक काळी रेघ, एवढंच दिसत होतं. ते वाकले. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच हवं होतं की काच स्वच्छ निघावी. बाबांसाठी हवं होतं की माझ्या शेवटच्या वर्षासाठी, हे मी तेव्हा वेगळं करू शकले नाही.

ते उठले. चष्मा बाबांच्या डोळ्यांसमोर नेला. बाबांचा दांडा जमिनीला टेकल्याचा आवाज आला.

मग काकांनी चष्मा आपल्या सदऱ्याने नीट पुसून माझ्या हातात दिला. "घाल." आणि शेड दणाणून गेली, "गुलखान! खड्डा! खड्डे में छोड! सब पीछे!"

भट्टीच्या बाजूला कोरड्या वाळूचा एक खड्डा अशा वेळेसाठीच ठेवलेला असायचा. लॅडल तिकडे वळली, वाकली आणि ते सगळं लोखंड, तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते, ठिणग्या उडवत वाळूत उतरलं. खड्डा भरून वर आलं, कडेने पसरलं. आधी पांढरं, मग केशरी, मग लाल. आम्ही सगळे भिंतीला टेकून बघत होतो. कुणीतरी रडत होतं, कोण ते कळलं नाही.

काका मात्र साच्यापाशी गुडघ्यावर बसले होते. कूलरच्या नळीच्या जोडाखाली बोटं घालून वाळू उकरत होते. वरची वाळू कोरडी. चार बोटं खाली मुठीत दाबली की तिचा लाडू होत होता. नळी दुपारभर ठिबकत होती. वाळू पाणी पिते आणि वरून काही दाखवत नाही.

"कूलर कुणी आणला हितं?" त्यांनी विचारलं.

सगळे खाली बघायला लागले. गुलखान क्रेनवरून उतरून आला होता, तोही बुटांकडे बघत उभा. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग त्यांना आठवलं. मी ते आठवणं त्यांच्या चेहऱ्यावर येताना पाहिलं.

"मीच की," ते म्हणाले.

उठून हात झटकले आणि सरळ मॅथ्यूसाहेबांकडे गेले. "साहेब, गलती मेरी है. मेरे आदमी की नहीं. साचा इन्होंने एक नंबर बनाया था. कोई भी पूछे तो यही बोलना."

मॅथ्यूसाहेबांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरला. वाईट माणूस नव्हता तो. पण चाक चीनहून आलं.

बाबा त्या दिवशी घरी मालकांवर चिडलेले होते. हे सांगायला नको खरं तर, पण तसंच होतं. "ओतायला पाहिजे होतं. कधीकधी काही होत नसतं," असं भिंतीकडे बघत म्हणत राहिले. आईने विचारलं, "आणि झालं असतं तर?" बाबा उठून बाल्कनीत गेले. दुसऱ्या दिवशी साचा मोडायचा होता. तो त्यांनी दुसऱ्या कुणाला मोडू दिला नाही. संध्याकाळी आले, आंघोळ केली, पाटावर बसले आणि म्हणाले, "तळापर्यंत ओला होता." पुन्हा कधी त्यांनी मालकांना बोल लावला नाही.

फाउंड्री बंद होणार होती. पुढचे दोन महिने काका भट्टीवाले राहिले नव्हते, नोकरी लावणारे झाले होते. सकाळी एकेका कारागिराला गाडीत पुढच्या सीटवर बसवायचे आणि अजमान, उम्म अल कुवैन, जबल अली, जिथे म्हणून वर्कशॉप असेल तिथे घेऊन जायचे. आत जाऊन सांगायचे, "ह्याच्यासारखा माणूस तुमच्याकडं न्हाई. असला तर मला दाखवा." एका ठिकाणी मॅनेजरने बाबांना वय विचारलं. हे म्हणाले, "साच्याला वय विचारत न्हाईत, हबीबी. साचा बघत्यात." बाबांना अजमानला काम मिळालं. व्हिसा बदलला. मी शेवटच्या वर्षाला बसले.

माझा इंटर्नशिपचा रिपोर्ट राहिला होता. मी भीत भीत विचारलं, "काका, ओतलंच नाही त्याचा रिपोर्ट कसा लिहू?"

"न ओतल्याचाच लिही."

"सर नापास करतील."

"करू देत की. पुढच्या वर्षी परत लिही. आता वर्ष हाय न्हवं तुझ्याकडं?"

सर्वांत शेवटी गुलखान नव्या नोकरीवर गेला, आणि त्याच आठवड्यात काका स्वतः परत गेले. विमानतळावर सोडायला मुलगा होता, म्हणून आम्ही गेलो नाही. आता ते कोल्हापुरात असतात. बाबा सणासुदीला फोन करतात. बोलणं पावसापाण्याचं आणि गुडघ्यांचं असतं. भट्टीचा विषय दोघेही काढत नाहीत.

गेल्या महिन्यात बाबांच्या गाडीला टायर हवे होते. कुणीतरी स्वस्त गोदाम सांगितलं. पत्ता वाचून बाबा गाडी सवयीच्या वळणांनी चालवत राहिले. तीच शेड होती. छपरातलं भट्टीच्या धुराड्याचं भोक पत्र्याने बंद केलेलं, आत छतापर्यंत टायर, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, रबराचा वास.

खड्ड्यातलं लोखंड मात्र तिथेच होतं. शेड परत देताना ते काढायचा खूप प्रयत्न झाला होता. ड्रिल लावलं, हातोडे मोडले, पण ते जमिनीत खोलवर धरून बसलं होतं. नव्या मालकाने शेवटी नाद सोडला. गोदामातला मुलगा आम्हाला म्हणाला, "पुराने वालों का है. हिलता नहीं. हमने फोर्कलिफ्ट का रास्ता ही घुमा दिया."

खरंच घुमवला होता. फोर्कलिफ्टने कुठून जायचं ते दाखवणारा पिवळा पट्टा दारापासून सरळ येत होता, लोखंडापाशी वाकून त्याला वळसा घालत होता आणि पलीकडे पुन्हा सरळ होत होता. मुलगा टायर आणायला आत गेला. बाबा त्याच्या मागे निघाले, पट्ट्यावरून, वळसा घालून.